बाटलीतला कापूस

बाटली हलली की वाजते.
म्हणून पहिल्याच दिवशी तिच्यात कापूस कोंबला,
आत्यानं वातीसाठी पिंजून ठेवलेल्यातला, चिमूटभर.
आता ती गप्प असते
मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली.
मीही.

व्यंकटची गोळी टीव्हीशेजारी, उघड्यावर.
"पित्ताची" म्हणला एकदा, विषय मिटला.
नऊच्या बातम्यांना आत्याच तांब्या भरून देते त्याला.
ज्याला झालंय त्याची चारचौघांत,
जिला होऊ नये तिची चोरून.
बाईनं रोज एक गोळी घेतली
की आमच्या उदगीरात एकच अर्थ निघतो:
हिला पोर नको.

पोर तर सगळ्यांनाच हवंय.
शेजारची गोदावरी विचारते,
"शिवकांता, दोन वर्षं झाली, डॉक्टरला दाखवलीस का गं?"
दाखवायलेय की. दर महिन्याला. लातूरला.
पिकोचा दोरा आणायला म्हणून निघते, साडेसहाच्या एसटीनं.
येताना खरंच दोरा आणावा लागतो.
जांभळी चार रिळं पडून आहेत,
त्या रंगाचं कुणी नेसतच नाही.

रात्रीचं वेगळंच.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सरकारी पाकिटं
गादीच्या पोटात.
व्यंकट वाईट असता तर सोपं गेलं असतं.
तो म्हणतो, "एक दिवस नाही वापरलं तर काय हुतंय?"
आपल्याला काही झालंय
हे त्याला तेवढ्यापुरतं विसरायचं असतं.
नाही म्हणायला आवाज लागतो,
मध्ये पत्र्याची भिंत,
पलीकडे आत्याचा खोकला, टक्क जागा.
कधी कधी मी त्याचं मनगट नुसतं धरून ठेवते
झोप लागेपर्यंत. त्याला.

येळवशीला सगळं गाव रानात.
गोळी पदराच्या गाठीत बांधून नेली.
आंबील वाढताना मडकं कलंडलं,
गाठ भिजली,
पदरावर निळं उमटलं.
"हे निळं काय गं, वहिनी?"
"खडू. मापाचा."
आणि भज्जी वाढत राहिले.
लगदा नंतर धुऱ्यावर पुरला,
ज्वारीनं काय समजायचं ते समजो.

मग नणंदेचं डोहाळजेवण.
घरात चौदा माणसं, खणाला पाठ लावून
तीच झोपलेली, पोटावर हात ठेवून.
नऊ वाजले, दहा, अकरा.
तिला उठवायचं कशाला म्हणून बसून राहिले.

लातूरला नुसरत मॅडमनं बाटली उपडी केली.
आधी कापूस पडला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.
मग गोळ्या मोजल्या.
चार उरायला हव्या होत्या.
सात.
एसटीत घोकलेलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं,
पण त्यांनी का ते विचारलंच नाही.
"कोणकोणते दिवस?" एवढंच.

येळवशीचा सांगितला.
डोहाळजेवणाचा सांगितला.
तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, मॅडम.
आत्या कीर्तनाला, व्यंकट ड्यूटीवर.
पाणी होतं, नऊ वाजले होते, बाटली हातात होती.
मी धडधाकट, आणि रोज,
आणि पुन्हा उद्या,
मला नुसतं नको झालं.
झाकण लावलं. साडीला फॉल लावत बसले.

मॅडमनं पेन उचललं.
वाटलं, विसरली म्हणून लिहितील, तेच सोयीचं.
टेबलाच्या अलीकडून मी उलटं वाचलं:
"त्या दिवशी इच्छा नव्हती."

सरकारी कागदावर असं लिहिता येतं
हे मला ठाऊक नव्हतं.

नव्या बाटलीत तोच कापूस कोंबला.
नळेगाव मागे पडल्यावर आठवलं,
दोरा राहिला.